बुरशी लागलेली टेप ड्राइव्हमध्ये घालू नका

संपादक महोदय,

चतुर्थी जवळ आली की घरांबरोबर कार्यालयांचीही आवराआवर सुरू होते. पतसंस्था, शाळा, खाण कंपन्यांची जुनी कार्यालये अशा ठिकाणी लोखंडी कपाटाच्या तळातून संगणकातल्या डेटाची प्रत ठेवलेल्या बॅकअप टेपांचे खोके निघते. मग कुणीतरी ‘बघूया चालते का’ म्हणत पहिली टेप ड्राइव्हमध्ये सरकवतो. एवढी वर्षे कपाटात पडून जो डेटा टिकला, तो बहुधा याच क्षणी जातो.

टेप म्हणजे पॉलिएस्टरची पट्टी आणि तिच्यावर बाइंडरने, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रव्याने, धरून ठेवलेली चुंबकीय भुकटी. हा बाइंडर हवेतला ओलावा शोषतो, त्याची रासायनिक साखळी तुटते आणि तो चिकट होतो. ड्राइव्हने टेप ओढली की भुकटी सोलून हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते. तिच्यावरचा डेटा मग कोणतीही प्रयोगशाळा परत देऊ शकत नाही. शिवाय त्याच मळक्या हेडवरून पुढची चांगली टेपही ओरबाडली जाते. एलटीओ (सर्व्हरच्या बॅकअपसाठी वापरतात तो टेपचा प्रकार) टेप दीर्घकाळ ठेवायची तर १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, शनिवार-रविवार एसी बंद असतो आणि वास्को-पणजीकडे खारे वारेही असते.

म्हणून आधी टॉर्चच्या उजेडात पाहा. कार्ट्रिजचे झाकण अलगद उघडून गुंडाळीच्या कडा तपासा. पांढरी भुरी किंवा तंतू दिसले तर बुरशी. मेणाच्या खडूंसारखा वास आला किंवा थर एकमेकांना धरून बसलेले दिसले तर बाइंडर गेला. बुरशीची टेप मास्क लावूनच हाताळा, बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि सुकल्यावर मोकळ्या हवेत मऊ ब्रशने झाडा. आयसोप्रोपिल अल्कोहोल हेड आणि गाइड (टेपला वाट दाखवणारे भाग) पुसण्यासाठी आहे, टेपच्या पृष्ठभागावर ते फिरवू नका.

चिकट झालेली टेप भाजावी, म्हणजे मंद उष्णतेत सुकवावी लागते. तापमान ५० ते ५५ अंश, वेळ किमान आठ तास. रुंद रिळांना जास्त. मग तितकाच वेळ बंद पेटीत थंड होऊ द्यायची. लॅबमधला इन्क्युबेटर यासाठी चांगला. घरातला ओव्हन नको. त्याचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत फार तफावत असते. भाजल्याचा परिणाम काही आठवडेच टिकतो, तेवढ्यात नक्कल उतरवून घ्यायची. डीसी ६१५० सारख्या पाव इंची कार्ट्रिजमध्ये टेप फिरवणारा आतला पट्टाच सैल पडतो किंवा टेपला चिकटतो. तो आधी काढायचा, भाजणे त्यानंतर.

पुराच्या पाण्याची गोष्ट वेगळी. जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोली, फोंडा भागांत पाणी शिरले होते, तशा प्रसंगी भिजलेली टेप सुकवू नका. गाळ आणि क्षार सुकले की थर एकमेकांना डकतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये, म्हणजे बॅटरीत घालतात त्या पाण्यात, टेप हलकेच बुडवून गाळ सोडवा. मग ओल्या अवस्थेतच हवाबंद पिशवीत घालून दोन-तीन दिवसांत तज्ज्ञाकडे पोचवा. हेअर ड्रायर, ऊन आणि फ्रीजर, तिन्ही वर्ज्य.

टेप वाचण्याजोगी असेल तर लिहिण्याची खटकी आधी बंद करा. डीडीएस या छोट्या टेपच्या कार्ट्रिजवर खिडकी उघडी म्हणजे लेखन बंद. उलटे समजून टेप पुसली गेल्याचे प्रकार होतात. टेप आपोआप मागे न फिरवणारे डिव्हाइस वापरा, ब्लॉकचा (टेपवर एका वेळी लिहिलेल्या तुकड्याचा) आकार बदलता ठेवा (लिनक्सवर सेटब्लॉक शून्य) आणि डीडी या नक्कल करणाऱ्या आज्ञेने २५६ किलोबाइट किंवा त्याहून मोठ्या बफरने वाचा. बफर टेपवरच्या ब्लॉकपेक्षा लहान पडला की त्रुटी येते आणि लोक टेप खराब म्हणून बाजूला टाकतात. प्रत्येक फाइलमार्कपर्यंतचा, म्हणजे टेपवर एक फाइल संपल्याच्या खुणेपर्यंतचा भाग क्रमांक देऊन वेगळा साठवा. बॅकअप टार प्रकारचा आहे की विंडोजच्या एनटीबॅकअपचा, हे नंतर त्या प्रतीवर शोधा. खराब जागी अडकले तर ड्राइव्हला मागे-पुढे घासू देऊ नका. एक रेकॉर्ड ओलांडून पुढचे सगळे आधी घ्या, मग वेळ उरला तर मागे या.

साधा टार (अनेक फायली एकत्र बांधलेली फाइल) एखादा ब्लॉक गेला तरी पुढच्या फायली देतो. जीझिपने आवळलेला (आकार लहान केलेला) मात्र तुटल्या जागेपासून सहसा वाया जातो. बीझिप२ त्यातल्या त्यात बरा, ९०० किलोबाइटपर्यंतच्या तुकड्यांत असल्याने उरलेले तुकडे निघतात. एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच कूटलेखन (डेटा किल्लीशिवाय न वाचता येणारा करणे) मिळते. त्याची किल्ली हरवली असेल तर पुढे खर्च करू नये.

चुकून जुन्या टेपवर नवा बॅकअप सुरू झाला तर तो थांबवा आणि टेप बाहेर काढून ठेवा. नव्या लेखनाच्या शेवटी ड्राइव्ह ‘डेटा संपला’ अशी खूण टाकतो आणि तिच्या पलीकडे जायला नकार देतो, पण पलीकडचा जुना डेटा जागेवर असतो. फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम) बदललेल्या ड्राइव्हवर तो वाचता येतो. पूर्ण टेप पुसणारा ‘लाँग इरेज’ दिला तर मात्र तोही गेला.

आता ड्राइव्हचे. एलटीओ-७ पर्यंतचा ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचतो, एलटीओ-८ फक्त एक. म्हणजे एलटीओ-४ टेप असेल तर एलटीओ-६ च्या पुढचा ड्राइव्ह घेऊन उपयोग नाही. डीडीएसमध्ये हेडची जुळणी जराशी हललेली असली तर टेप ज्या ड्राइव्हवर लिहिली त्याच ड्राइव्हवर वाचली जाते. तेव्हा जुना सर्व्हर भंगारवाल्याला देण्याआधी टेप ड्राइव्ह, तो संगणकाला जोडणारे एससीएसआय कार्ड, ६८ पिनांची केबल आणि केबलच्या टोकाला लावायचा टर्मिनेटर काढून एकाच खोक्यात टेपांशेजारी ठेवावे. टर्मिनेटर सगळ्यांत आधी हरवतो.

आपले,
जुन्या माध्यमांवरचा डेटा काढणारे काही तंत्रज्ञ,
फोंडा, गोवा