फिर्याद द्यायला सिस्टरनेच का जायचे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयात मारहाण झाली की दोन दिवस काळ्या फिती दिसतात. त्या दोन दिवसांत पोलीस ठाण्याच्या बाकावर कोण बसलेले असते, त्याबद्दल हे पत्र.

मी 31 वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. एका रात्री, दारात येण्याआधीच दगावलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाने सलाइनचा स्टँड माझ्या खांद्यात घातला. सुरक्षारक्षक गेटवर गाड्या लावून घेत होता. टाके घालून, नाइट संपवून मी ठाण्यात गेले ती एकटीच. फिर्यादीत पत्ता माझ्या घराचा, फोन माझा. रुग्णालय फक्त ‘घटनास्थळ’! चौथ्या दिवशी दोघे घरी हजर. ‘‘सिस्टर, पोराचं आयुष्य आहे, मिटवून टाका.’’ रुग्णालयातल्या आमच्या साहेबांचेही म्हणणे तेच. मी मिटवले.

महाराष्ट्रात 2010 पासून यासाठी कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. कडक आहेच, पण त्याची नजर मारणाऱ्यावर. कॅज्युअल्टीत रात्री एका मावशीच्या भरवशावर मला उभे करणाऱ्याला कोण विचारणार? लैंगिक छळाबाबत 2013 च्या कायद्याने दहा कर्मचाऱ्यांपासून पुढे समिती नेमणे मालकावर टाकले. नेमली नाही तर दंड मालकाला. मारहाणीतच मालक नामानिराळा का?

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यानंतर 16 ऑगस्ट 2024 रोजी केंद्राने एक आदेश काढला. ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर 6 तासांच्या आत संस्थेतर्फे एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. मला तो शिक्षेच्या कलमांहून मोलाचा वाटतो. फिर्यादी संस्थाच असेल तर माझ्या दारात येऊन कोण काय मिटवणार?

पण तो आदेश केंद्रीय रुग्णालयांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना उद्देशून आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचे काय? गल्लीतल्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होमचे काय? तिथे डॉक्टर बिल माफ करून तडजोड करतात आणि मार खाल्लेल्या मुलीला आठवडाभर घरी बसवतात, बिनपगारी.

राज्य सरकारने हीच 6 तासांची अट लहानमोठ्या सर्व रुग्णालयांना लावावी. आणि नर्सिंग होमच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना अग्निशमनाच्या कागदांबरोबर हेही विचारावे, की इथे किती जणांना मारहाण झाली आणि त्यातल्या किती फिर्यादी तुम्ही स्वतः दिल्यात?

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा