तुतारी, रंग आणि माझे दोन प्रश्न

ऐरोली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मिहिर,

सप्रेम नमस्कार.

काकूंचा गुडघा आता कसा आहे? आई रोज विचारते. इकडे ठीक चाललंय. ठाण्याच्या गाडीत कधी बसायला मिळतं, कधी नाही. इंटिग्रेशनची बाय पार्ट्स ही रीत (गुणाकाराचं इंटिग्रल तुकड्यांनी काढायची) आता हाताला बसली आहे. घोडं अडलंय ते इम्प्रॉपर इंटिग्रल्सपाशी, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ अनंतापर्यंत किंवा फलन उधळतं तिथवर मोजायचं तिथे, त्यासाठीच हे पत्र. फोनवर आकृती सांगता येत नाही, आणि मी कुठवर पोचलोय हे तुला दिसायला हवं.

१/एक्स आणि १/एक्स² हे आलेख १ पासून उजवीकडे काढले तर जुळे वाटतात. दोन्ही अक्षाकडे सरकतात, टेकत मात्र कधीच नाहीत. तरी पहिल्याखालचं क्षेत्रफळ अनंत आणि दुसऱ्याखालचं नेमकं १! सूत्राने उत्तर येत होतं, मनाला पटत नव्हतं. मग मी तुकडे पाडले: १ ते २, २ ते ४, ४ ते ८. १/एक्सखाली प्रत्येक तुकडा सारखाच भरतो, लॉग २ (नैसर्गिक लॉग), म्हणजे सुमारे ०.६९३. रुंदी दुप्पट होते तशी उंची निम्मी होते. असे तुकडे संपतच नाहीत, मग बेरीज थांबणार कुठे? १/एक्स² ला मात्र अर्धा, पाव, अष्टमांश असे तुकडे पडतात आणि बेरीज १ च्या पुढे जातच नाही. हे दिसलं तेव्हा इतका आनंद झाला की अभ्यासिकेतून उठून रस्त्यावर एक चक्कर मारून आलो.

आता खरी अडचण. १/एक्सचा तोच आलेख अक्षाभोवती फिरवला की अनंत लांबीची तुतारी होते. तिचं घनफळ पाय (π, सुमारे ३.१४), पृष्ठफळ मात्र अनंत. टॉरिचेली या इटालियन गणितज्ञाने हे घनफळ मर्यादित असल्याचं १६४४ मध्ये छापून मांडलं. न्यूटन तेव्हा रांगणारं पोर होतं, इंटिग्रलचं चिन्हसुद्धा जन्माला यायचं होतं! त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

पण मग रंगाचं काय? तुतारी पाय घनएकक रंगाने काठोकाठ भरली, तर आतली सगळी भिंत रंगलीच ना? आणि तीच भिंत ब्रशने रंगवायला जगातला रंग पुरत नाही. माझा अंदाज असा: ब्रशचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा धरला, तर पुढे तुतारीच त्या थराहून बारीक होते, थर आत मावतच नाही. भरताना मात्र थर आपोआप पातळ होत जातो. हे बरोबर आहे का? असेल तर नीट कसं लिहायचं? जाडी एक्सबरोबर कमी होते असं धरून इंटिग्रल मांडायला गेलो, पण दुसऱ्या ओळीनंतर हात थांबतो. सोबत वहीची ती दोन पानं ठेवली आहेत.

दुसरा प्रश्न छोटा. –१ ते १ मध्ये १/एक्स² चं इंटिग्रल सूत्राने –२ येतं. आलेख सगळा अक्षाच्या वर, मग क्षेत्रफळ ऋण कसं? शून्यापाशी फलन उधळतं, म्हणून तिथे तोडायचं आणि प्रत्येक बाजू अनंत, हे समजलं. पण ० ते ३ मध्ये १/(एक्स² – एक्स – २) आलं तर २ वरचा खड्डा पटकन नजरेत येत नाही. छेद शून्य कुठे होतो ते आधी पाहायचं, एवढंच पुरतं, की लॉग आणि टॅनसाठी आणखी काही तपासावं लागतं?

एक विनंती आहे. गणित सोडवून पाठवू नकोस. माझ्या पानांवर जिथे गाडी रुळावरून घसरते तिथे फक्त खूण कर, आणि तसल्याच जातीची दोन-तीन न सोडवलेली गणितं दे. आयतं उत्तर वाचलं की मला सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पेपरात काहीच आठवत नाही.

दिवाळीत येशील तेव्हा तलावपाळीला बसू. लेव्हल कर्व्ह्ज आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह्जच्या शंका तेव्हासाठी राखून ठेवल्या आहेत, कागद-पेन मी आणतो.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिकेत