"दारू वगैरे नाही ना?" असं विचारलं तर कोण हो म्हणेल

प्रिय मंजू,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला अर्ध्यात तोडतेस आणि मग आपलं मूळ बोलणं राहून भांडणच होतं. पत्रात तुला शेवटपर्यंत ऐकावं लागेल. घरी सगळे बरे. माझं बीपी गोळीवर ठीक आहे, पुढे विचारू नकोस.

काल ओपीडीत आमची नवी रजिस्ट्रार पेशंट बघत होती, मी शेजारी बसले होते. पंचविशीतली मुलगी, छातीत जळजळ, झोप नीट नाही. रजिस्ट्रारने हिस्टरी छान घेतली. मग मान खाली घालून, पेन कागदावर टेकवून म्हणाली, "दारू, सिगारेट वगैरे काही नाही ना?" मुलगी म्हणाली, "नाही." पेनाने 'नाही'वर खूण केली आणि गाडी पुढे गेली.

मला राहवेना. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "हे मी सगळ्यांनाच विचारते. गेल्या महिन्यात एखाद्या दिवशी जास्तीत जास्त किती ड्रिंक्स झाली असतील?" ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "शनिवारी पाच-सहा होतात. पण रोज नाही हं." मूल इतक्यात हवंय का? "ठरवलं नाहीये, होईल तेव्हा होईल." गर्भनिरोधक? काहीच नाही.

मंजू, म्हणून हे तुलाच लिहितेय. देसाई मॅडमनी आपल्या दोघींना हाक मारून दाखवलेलं ते बाळ आठवतं ना? डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खाच पार सपाट. आणि त्याची आई पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "कळलं त्या दिवशीच सोडली हो मी." ती खरंच बोलत होती. पण गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात मेंदूची घडण सुरू होते, आणि तेव्हा पाळी जेमतेम आठवडाभर चुकलेली असते. तिला कळलं तोवर दारू वारेतून बाळापर्यंत पोचत राहिली होती. या मुलांचं वर्णन फ्रान्समध्ये लेमोइन यांनी १९६८ मध्ये केलं, जोन्स आणि स्मिथ यांनी १९७३ मध्ये आजाराला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम', म्हणजे गर्भात दारू पोचल्याने होणारा आजार, असं नाव दिलं, आणि आपण अजूनही दारूचं विचारायला बाई गरोदर होऊन नाव नोंदवायला येईपर्यंत थांबतो!

तू त्या रात्री मेसमध्ये टेबलावर मूठ आपटून म्हणाली होतीस, "आपण डॉक्टर आहोत, कीर्तनकार नाही. बोलून कोणाची दारू सुटलीय?" (कुलकर्णीचा स्टेथोस्कोप त्या दणक्याने खाली पडला, त्याचं खापर तो अजून माझ्यावर फोडतो.) मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. तुझ्या डोळ्यांपुढे होते हात थरथरणारे, सकाळी उठल्या उठल्या दारू लागणारे पेशंट. त्यांना नुसतं बोलून भागत नाही, नीट उपचारच लागतात. मी बोलतेय ते या शनिवारवाल्या मुलींबद्दल. त्यांना कोणी व्यसनी म्हणणार नाही, त्या स्वतःलाही म्हणत नाहीत. म्हणून तर त्या कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

आणि बोलून फरक पडतो, हे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतच तपासून पाहिलंय. जास्त पिणाऱ्या १८ ते ४० वयाच्या २०५ बायका, डॉक्टरांशी पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन भेटी, पुढे चार वर्षं पाठपुरावा. २००० साली निष्कर्ष छापून आले. डॉक्टर ज्यांच्याशी बोलले त्यांचं पिणं कमी झालं, आणि त्यांतल्या ज्या पुढे गरोदर राहिल्या त्यांचं सगळ्यांत जास्त. हे वाचलं तेव्हा आधी तुझीच आठवण आली.

काल मीही तेवढंच केलं. आधी विचारलं, याबद्दल दोन मिनिटं बोलू का? तिच्या पाच-सहाचा आकडा तिच्यासमोर ठेवला, गर्भावर काय होतं ते सांगितलं, कितीपर्यंत चालतं असा सुरक्षित आकडा कोणाकडेच नाही हेही सांगितलं. मग गप्प बसले. हे गप्प बसणं सगळ्यांत कठीण, तुला तर जमणारच नाही! वाटा दोन आहेत: दारू सोडायची, किंवा सुटेपर्यंत भरवशाचं गर्भनिरोधक वापरायचं. दोन्ही केलं तर उत्तमच. कोणती वाट, ते तिने ठरवायचं. तिने गर्भनिरोधक निवडलं, शनिवारचं दोनवर आणते म्हणाली, स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलं. पुढच्या महिन्यात बोलावलंय. येईल की नाही, माहीत नाही.

पण माझी खरी काळजी ती मुलगी नाही. ती गेल्यावर रजिस्ट्रार म्हणाली, "मॅडम, ती तशी वाटत नव्हती." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. तशी म्हणजे कशी? कपडे, बोलणं, शिक्षण बघून आपण आधीच उत्तर लिहून टाकतो आणि प्रश्न असा विचारतो की तेच उत्तर यावं. उलट जी 'तशी' वाटते तिला असं दरडावतो की ती पुन्हा फिरकत नाही. पोटुशी असेल तर तपासण्याही चुकवते, आणि दारू चालूच राहते. तिला कोण सांगणार, की सहाव्या महिन्यात सोडली तरी बाळाचा फायदाच आहे?

फॉर्मवर 'व्यसन: आहे/नाही' एवढीच जागा. मी तीन नेमके प्रश्न घालायला सांगितले: किती वेळा, एका वेळी किती, एकदम जास्त कधी. "बायकांना अपमान वाटेल," असं उत्तर आलं. कालच्या मुलीला अपमान वाटला नाही ग. कोणीतरी विचारलं याचं तिला बरं वाटलं.

शिरीषची बदली झाली का? पिंकीच्या निकालाचं कळव. तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे अजून काढला नसशील, काढ.

आणि एक काम. भूल देण्याआधी दारूचं तू विचारतेसच. चाळिशीच्या आतल्या बायकांना त्याच बैठकीत मूल आणि गर्भनिरोधनाचंही विचारशील? महिनाभर करून बघ आणि काय होतं ते लिही. भांडायचं असेल तर तेही पत्रातच.

तुझी,
सुमा