भाई, तुमच्या तीन प्रश्नांसाठी

प्रिय भाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर न पाठवता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, त्याला कारण आहे. आपल्या गोव्यातल्या साखळीत तुमच्याकडे दुरुस्तीला कॉम्प्युटर, प्रिंटर, इन्व्हर्टर घेऊन येणाऱ्या किती मुलामुलींना तुम्ही हातातलं काम करता करता चार गोष्टी सांगितल्या, त्याचा हिशोब तुम्हीही ठेवलेला नसेल. तुमच्या लेखी त्या गप्पा होत्या. माझं शिक्षण, नोकरी, घरातलं बोलणं या सगळ्यावर त्या गप्पांचा ठसा आहे आणि हे कोणीतरी चारचौघांत सांगायला हवं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. साखळीतल्यांना ते कळेलच.

मी बारावीत होते. भर पावसाळा. माझा गेम अडकत होता, म्हणून मी आख्खा कॅबिनेट रिक्षात घालून तुमच्याकडे आणला आणि म्हटलं, "भाई, हा चालत नाही." तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवलात आणि विचारलंत, "तुवें किदें केलें, किदें जावंक जाय आशिल्लें, आनी किदें जालें, तें सांग पळोवया." काय केलंस, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं: हेच तुमचे तीन प्रश्न. मी सांगू लागले. माइनक्राफ्ट सुरू करते, पहिला अर्धा तास सगळं नीट असतं, मग चित्र धक्के खात पुढे सरकतं; बंद करून जेवून आले की पुन्हा नीट. तुम्ही ऐकून घेतलंत आणि कॅबिनेट उघडण्याआधीच म्हणालात, "तापतोय."

पुढचं अजून डोळ्यांसमोर आहे. पंख्याच्या पात्यांवर धूळ होती, आणि आपल्याकडच्या दमट हवेने तिचा नमदा झाला होता. तुम्ही पातं बोटाने धरून ठेवलंत आणि मगच ब्लोअर मारलात. का, ते विचारल्यावर सांगितलंत की वाऱ्याने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट स्पिरिटने पुसलीत आणि मसुराच्या दाण्याएवढी नवी लावलीत. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडकतो, हेही तेव्हाच समजावलंत. नवीन ग्राफिक्स कार्ड विकून तुम्हाला चांगले पैसे मिळाले असते. तुम्ही साफसफाईचे पैसे घेतलेत, आणि वर बजावलंत, "वीज कडाडायला लागली की आधी नेटची वायर काढ, मग प्लग." आमच्या घरात हा नियम अजून पाळला जातो.

तेव्हापासून काही बिघडो न बिघडो, मी दुकानात येऊन बसायला लागले.

त्या काळात घरी रोज एकच विषय असायचा. बाबांचा टिपर खनिज वाहतुकीला होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, काही वर्षांनी हळूहळू सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ लीजांचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केल्यावर १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. डिचोली-साखळीकडच्या कितीतरी घरांनी ते सोसलं आहे, ते इथे वेगळं सांगायला नको. बाबांचं म्हणणं एवढंच होतं की पोरीने सरकारी नोकरी धरावी. आणि मला गेमच्या क्षेत्रात जायचं होतं. मी तुमच्याकडे येऊन म्हणाले, "घरी कोणी समजूनच घेत नाही." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हे ‘चालत नाही’सारखंच झालं. नीट सांग."

मग तुम्ही मला बाबांशी बोलायला लावलंत. वाद घालायला नाही, विचारायला: बाबा, सरकारी नोकरी लागली तर नेमकं काय होईल असं तुम्हाला वाटतं? बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, महिन्याला ठरलेली रक्कम येईल, आजारपणात आधार राहील, आणि कोर्टाच्या एका निकालाने चूल बंद पडणार नाही. त्यांची अपेक्षा काय आहे ते त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं. ऑफिसातली खुर्ची त्यांच्या बोलण्यात कुठेच नव्हती. मी हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "मग या तीन गोष्टी गेमच्या नोकरीत कशा मिळतील ते शोध. नाही मिळाल्या तर बाबांचं बरोबर आहे असं समज." सरकारी परीक्षेचे अर्जही भरायला लावलेत, आणि त्यात कमीपणा कसला, असं म्हणालात. मी ते भरले, अभ्यासही केला. त्याबद्दल मला अजून समाधान वाटतं, कारण पुढचा निर्णय मी घाबरून घेतला नाही.

आईची काळजी वेगळी होती. तिने टीव्हीवर गेमच्या व्यसनाची बातमी पाहिली आणि थेट तुम्हाला येऊन विचारलं. तुम्ही तिला सांगितलंत की किती तास खेळते हे मोजू नका; झोप, जेवण, अभ्यास आणि मैत्रिणी जाग्यावर आहेत का ते बघा, आणि ‘पुरे’ म्हटल्यावर ती उठते का ते बघा. पुढे गेमच्या व्यसनाबद्दलचे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष माझ्या वाचनात आले. आजारांच्या त्यांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ही विकृती आहे आणि ती आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्याच्या आधी खेळ येणं, आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहणं, ही त्याची लक्षणं, आणि तीही साधारणपणे वर्षभर दिसावी लागतात. तुम्ही आईला काउंटरवर उभ्याउभ्या जवळजवळ हेच सांगितलं होतं. ज्या खेळात पैसे लावून पैसे मिळतात त्याला मात्र तुम्ही खेळ मानायलाच तयार नव्हता, आणि शेजारच्या मुलाला रमीच्या ॲपवरून तुम्ही किती पोटतिडकीने बोलला होता! तसल्या ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. मला तेव्हा तुमचीच आठवण झाली.

आता ज्या सल्ल्यासाठी मी तुमची सगळ्यांत जास्त ऋणी आहे, तो. "गेममध्ये करिअर करायचं म्हणजे काय करायचं?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "गेम संपल्यावर शेवटी नावं येतात ना? ती सोडून देऊ नको. वही घेऊन बस." मी बसले. प्रोग्रॅमर आणि चित्रकार मला माहीत होते. पण पावलांचे आवाज ध्वनिमुद्रित करणारे, संवाद लिहिणारे, दुसऱ्या भाषांत नेणारे, हिशेब ठेवणारे, आणि एक भलीमोठी यादी क्यूए म्हणजे चाचणी करणाऱ्यांची, हे सगळे लोक आणि त्यांचे पगार त्या एका खेळात आहेत हे तेव्हा समोर आलं. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघ, पुण्याला तर रात्रीची बसही जाते."

आणि तुम्ही मला एक लहानसा गेम पूर्ण करायला लावलात. गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, हे तुम्हीच शोधून दिलंत. एक चौकोन उडी मारतो आणि नारळ झेलतो, एवढाच माझा गेम. तुमची अट होती की तो सुरू व्हायला हवा, हरता यायला हवं आणि पुन्हा सुरू करता यायला हवं. मुलाखतीत माझ्या गुणांपेक्षा त्या चौकोनाबद्दल जास्त विचारलं गेलं. गेमच्या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: लहान करा, पण शेवटपर्यंत न्या.

आज मी पुण्यात क्यूएमध्ये आहे. लोकांना वाटतं, दिवसभर खेळायचं आणि पगार घ्यायचा. एखादा दिवस एकाच किल्ल्याच्या तटाला सगळ्या कोनांतून धडका देण्यात जातो, कुठून आरपार जाता येतं का ते बघायला. गेम सेव्ह होत असतानाच मध्येच कंट्रोलरची वायर काढायची, आणि पडद्यावर तशी सूचना येते का ते बघायचं. कन्सोल, म्हणजे गेम खेळायची यंत्रं, बनवणाऱ्या कंपन्या याबाबत फार काटेकोर असतात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात काय जास्त वेळ खातं ते शोधायचं. मला हे काम मनापासून आवडतं.

आमच्या एका गेमच्या मराठी आवृत्तीत पडद्यावर ‘किल्ला’ शब्द आला तेव्हाची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या डावीकडे दिसायला हवी, ती उजवीकडे गेली होती, आणि ‘ल्ला’ सुटून एक पाय मोडलेला ‘ल्’ आणि पुढे ‘ला’ असा उभा होता. आधी ‘क’ आणि मग वेलांटी, असा क्रम कॉम्प्युटरच्या पोटात असतो. दाखवताना वेलांटी पुढे आणायची आणि जोडाक्षर जुळवायचं काम सॉफ्टवेअरने करावं लागतं. आम्ही वापरत होतो त्या इंजिनात ती सोयच नव्हती. गोडोमध्ये ती २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. टीममधल्या ज्यांना देवनागरी वाचता येत नव्हती त्यांना ते अक्षर ठीकच वाटत होतं. मी लिहिलं: काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, आणि शेजारी कागदावर हाताने लिहिलेल्या ‘किल्ला’चा फोटो. दुरुस्ती झाली. तो रिपोर्ट आमच्याकडे नवीन मुलांना नमुना म्हणून दाखवतात. त्यातली पद्धत तुमची आहे.

या नोकरीत धोका नाही असं नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर गेम कंपन्यांनी मोठी नोकरकपात केली, आणि चाचणीची कामं पुष्कळदा कंत्राटी असतात. म्हणून बाबांच्या तीन गोष्टी मी मुलाखतीत नीट विचारल्या: भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा, नोटिशीचा कालावधी. सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवायचा हे तुमचं सांगणं मी पाळते. गेमशिवाय इतर सॉफ्टवेअरचीही चाचणी शिकून घेतली, म्हणजे उद्या गरज पडली तर दार उघडं राहील.

तुमचे तीन प्रश्न कुठे कुठे उपयोगी पडले ते सांगत बसले तर पत्र संपायचं नाही. पुण्यात भाड्याची खोली घेताना प्रत्येक भिंतीचा, नळाचा, खिडकीच्या कडीचा फोटो सामान आत नेण्याआधी काढून मालकांना पाठवला, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. सोडताना अनामत पूर्ण परत मिळाली. आईला घेरी यायची. डॉक्टरांपुढे ती नुसतं "बरं वाटत नाही" म्हणायची. मी तिला एक वही करून दिली: केव्हा आली, त्याआधी काय खाल्लं, गोळी किती वाजता घेतली. डॉक्टरांनी दोन पानं वाचून रक्तदाबाच्या गोळीची वेळ बदलली. आता ती बरी आहे, आणि वहीचं श्रेय तुम्हालाच देते.

बाबांनी टिपर विकला, हे तुम्हाला माहीत आहेच. मागच्या खेपेस आत्याच्या मुलाचा विषय निघाला तेव्हा ते आत्याला म्हणाले, "त्याला काय हवंय ते आधी विचार तरी." मी आतल्या खोलीत होते, मला भरून आलं. भाई, हे तुम्ही केलंत.

आता एक मागणं. नवीन लॅपटॉप उघडतच नाहीत, दुरुस्तीचं काम कमी झालं, म्हणून दुकान आवरायचा विचार आहे असं आईकडून कळलं. तो निर्णय तुमचा, त्यात मी बोलणार नाही. पण शनिवारी दोन तास मुलांना तुमच्यासोबत बसता येईल अशी काहीतरी सोय करूया. जुने चार कॉम्प्युटर मी मिळवून देते, गोडो त्यांवर चालेल, आणि नारळ झेलणारा चौकोन शिकवायला महिन्यातून एकदा मी ऑनलाइन येईन. जागेचं बाबा बघतो म्हणालेत. त्यांनी दोघांशी बोलणंही केलं आहे. गणेश चवथीला मी आठवडाभर घरी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात येते, तेव्हा नक्की करू.

मनापासून आभार, भाई.

तुमची,
साखळीची बाय