काळ्या धुराचं मूळ शोधून देणाऱ्यांना

माझी २०१२ची बीएस-४ (प्रदूषण नियमांचा चौथा टप्पा) डिझेल गाडी सर्व्हिसिंगहून आली आणि ओढेनाशीच झाली. खंबाटकी घाट चढताना मागे काळा लोट. लाज वाटली, मागच्या दुचाकीवर लहान मूल होतं. पीयूसीत धुराच्या दाटपणाचा आकडा १.६२च्या मर्यादेबाहेर गेला. गॅरेजचं उत्तर ठरलेलं : टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) गेला, बदला.

पीयूसी केंद्रातल्या दादा, तुम्ही थांबवलंत म्हणून वाचलो. “धूर निळा नाही, काळा आहे. ऑइल जळत नाहीये, हवा कमी पडतेय. आधी हवेचे पाइप बघून घ्या.”

आणि वाई फाट्यावरचे मिस्त्रीकाका! तुम्ही इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपाखालून नुसतं बोट फिरवलंत, ते तेलकट निघालं, म्हणजे गळती तिथेच. क्लिप जागेवर बसवलेलीच नव्हती. सेन्सरनं मोजलेली हवा वाटेतच गळत होती, डिझेल मात्र पूर्ण हवेच्या हिशेबानं पडत होतं. तुम्ही हे समजावून सांगितलंत, ईजीआर व्हॉल्व्हवरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेवरची) काजळीही काढलीत, आणि पैसे घेतलेत फक्त नव्या क्लिपचे.

गाडी पीयूसीत पास झाली. तुमची नावं विचारायची राहिली, दोघांचेही मनापासून आभार. काका, पुढची सर्व्हिसिंग तुमच्याकडेच.