सई, तो बार हलू दे

सई बाय,

काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता ना, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून पहाटेच लिहायला बसलोय, आई अजून उठली नाही. तू म्हणालीस व्होर्टेक्स मीटरमधला, म्हणजे भोवरे मोजून पाईपमधला प्रवाह सांगणाऱ्या मीटरमधला, बार हलता धरला की सिम्युलेशन डायव्हर्ज होतं, आकडे भरकटत जातात, आणि रिजिड, म्हणजे न हलणारा, धरला की सरळ चालतं, तर आता रिजिडच धरून थिसिस देऊन टाकते. नको गो करूस तसं.

आठवतं तुला, लहान असताना दाभोळच्या खाडीत आपण उधाणाच्या ओहोटीला जायचो आणि तू होडीतून वाकून त्या बांबूच्या खुंटाला हात लावायचीस? "बाबा, हा थरथरतोय" म्हणायचीस. खुंटाच्या मागे एक भोवरा डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, आणि प्रत्येक वेळी खुंट त्या त्या बाजूला ओढला जातो. बांबू आठ सेंटिमीटर जाड आणि पाणी सेकंदाला एक मीटर धरलं, तर 0.2 च्या स्ट्रौहल नंबरने (वेग आणि जाडीवरून भोवऱ्यांचा ताल काढायचा आकडा) डाव्या-उजव्या हिसक्यांच्या सेकंदाला साधारण अडीच जोड्या येतात, म्हणजे बोटांना जाणवतील इतक्या. तुझं मीटर हेच तर मोजतं. पण खुंटाची स्वतःची फ्रिक्वेन्सी त्याच्या जवळ आली की भोवरे पाण्याचा वेग सोडून खुंटाच्या तालावर सुटायला लागतात, लॉक-इन म्हणतात ते, आणि मग वेग वाढला तरी आकडा तिथेच चिकटून बसतो. बार रिजिड धरलास तर हे तुला कधी दिसणारच नाही.

मी नोकरीत असताना एका लाईनवरचं मीटर व्हॉल्व्ह पूर्ण बंद असूनही फ्लो दाखवायचं. दोन दिवस सगळे इलेक्ट्रॉनिक्स उघडून बसलेले, मी पाईपवर तळहात ठेवला तर शेजारच्या पंपाची थरथर सरळ सेन्सरपर्यंत येत होती. पाईपखाली सपोर्ट मारला आणि आकडा शून्यावर आला. तेव्हापासून मला मीटरमधलं लोखंड आणि पाणी वेगळं करून बघताच येत नाही.

आणि जपानची मोंजू अणुभट्टी आठव. 8 डिसेंबर 1995 ला तिथे सोडियमच्या पाईपमधली थर्मोवेल, म्हणजे तापमान मोजायची साधी नळी, प्रवाहाने हलून हलून थकली आणि तुटली, सोडियम बाहेर येऊन आग लागली. ती आडवी नाही तर प्रवाहाच्याच दिशेने पुढेमागे हलत होती, म्हणून तूही दोन्ही दिशांची हालचाल बघ.

आता तुझ्या डायव्हर्जन्सबद्दल. तुझा रिपोर्ट दोनदा वाचला. तू प्रत्येक टाइम स्टेपला प्रेशर एकदाच बारला देतेस आणि डिस्प्लेसमेंट एकदाच परत घेतेस. हवेत हे चालून जातं. पाणी जड, बार हलला की आजूबाजूचं पाणीही त्याच्यासोबत हलवावं लागतं, ते वजन हिशेबात उशिरा येतं आणि एरर वाढत जाते. त्याच स्टेपमध्ये पाण्याचा आणि बारचा असे दोन्ही सॉल्व्हर पुन्हा पुन्हा चालव, दोघांचं जमेपर्यंत, आणि डिस्प्लेसमेंट रिलॅक्स करून दे, म्हणजे पूर्ण न देता त्यातला काही भागच दे, एटकेनची पद्धत वापरलीस तर तो किती द्यायचा हा फॅक्टर आपोआप बदलतो. वेळ लागेल, कॉम्प्युटर रात्रभर चालेल, चालू दे. टाइम स्टेप नुसती बारीक करून हे सुटणार नाही, कधी कधी उलट बिघडतं.

आणखी एक, मोडल ॲनालिसिस, म्हणजे बारची स्वतःची फ्रिक्वेन्सी काढणं, तू हवेत केलंयस. पाण्यात बारची फ्रिक्वेन्सी खाली येते, आणि ती नेमकी भोवऱ्यांच्या जवळ आली तर? आधी तेवढं बघ, पाणी आणि बार जोडायचं कपलिंग नंतर.

सरांना मी सांगतोय असं नको सांगू, पण एक महिना जास्त मागून घे, फीचं मी बघतो. आईने सांदणं केलीत, उद्याच्या एसटीने पाठवतेय.

हवेतली आणि पाण्यातली फ्रिक्वेन्सी आली की दोन्ही आकडे व्हॉट्सॲप कर, रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागा असेन.

तुझा बाबा