मोरपिशी पैठणी आणि माझे छपाईवाले काका

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

येवल्याच्या पैठण्यांचा कॅटलॉग परवा छापून आला. मोरपिशी पैठणी तिच्या पानाशेजारी धरून पाहिली आणि आधी तुमची आठवण झाली. हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. फोटोंच्या कामासाठी मॉनिटर शोधणाऱ्या आणखी कुणाला तरी तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

दिवाळीआधी मी तुमच्याकडे अगदी रडकुंडीला येऊन आले होते. स्क्रीनवर झळाळणारे फोटो कागदावर काळपट उतरत होते. उपाय म्हणून मी ३२ इंची, ४के, गेमिंगचा मॉनिटर घ्यायचा जवळजवळ नक्की केला होता. तुमचं आयुष्य ऑफसेटच्या मशीनवर गेलं. तुम्ही मॉनिटरचा विषयच काढला नाहीत. विचारलंत, "खोलीला खिडकी कुठे? भिंतीचा रंग कुठला?" भिंत पिस्ता रंगाची होती. ती राखाडी झाली, खिडकीला जाड पडदा लागला. जुन्या स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलेला होता, तो तुम्ही यंत्राने मोजून १२० कॅन्डेलावर (उजेड मोजायचं एकक) आणलात. दोन दिवस मला सगळं मळकट दिसत होतं. मग डोळे सरावले, आणि कळलं की छपाई मुळी काळपट नव्हतीच. मी भगभगीत स्क्रीनवर बघून फोटो गडद करत होते.

मोरपिशी मात्र तरीही जुळेना. निळा ताणा, हिरवा बाणा, पदर हलला की रंग पालटतो. तुम्ही म्हणालात, "हा रंग तुझ्या स्क्रीनच्या एसआरजीबीत, म्हणजे साध्या स्क्रीनच्या रंगांच्या मर्यादेत, मावतच नाही. आमची सायन (हिरवट निळी) शाईसुद्धा त्याच्या बाहेर जाते. जो रंग दिसतच नाही, तो सुधारणार कशी?" इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून अॅडोब आरजीबी, म्हणजे एसआरजीबीहून मोठी रंगांची मर्यादा, ९९ टक्के दाखवणारा २७ इंची आयपीएस पॅनेलचा मॉनिटर घेतला. मान जरा कलली तरी त्यावर रंग बदलत नाही. ४केचा हट्ट सोडल्याने वाचलेल्या पैशांत कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून नीट जुळवण्याचं, यंत्र आलं. आता दर महिन्याला, स्क्रीन अर्धा तास तापू देऊन, मी ते लावते. व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाइकांना पाठवायचे फोटो मात्र एसआरजीबीतच काढते. नाहीतर त्यांच्या फोनवर तेच रंग फिके दिसतात, हेही तुमच्याकडूनच शिकले.

तुमची चार रविवारची दुपारची झोप मी मोडली. काकूंनी प्रत्येक वेळी चहा दिला. पैशांचं नाव काढलं तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणून ते पुन्हा काढत नाही.

येत्या रविवारी कॅटलॉगची पहिली प्रत घेऊन येते. २२ व्या पानावर मोरपिशी आहे, आणि ती पैठणीही सोबत आणते. खिडकीपाशी दोन्ही शेजारी ठेवून तुम्ही बघा आणि काय चुकलंय ते सांगा.

तुमची,
येवल्याची फोटोवाली